सुधारित पहिली आवृत्ती

आमचे सर मेंदूचे सर्जन. कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया आणि मेंदूचा रक्तपुरवठा यांवर ते ग्रंथ सिद्ध करताहेत. असे एक सर प्रत्येक मोठ्या इस्पितळात असतात. नसले तर तिथल्या रेसिडेंटांनी सत्यनारायण घालावा.

थिएटरात हा माणूस वेगळाच. धमनीला आलेल्या फुग्यावर कायमची क्लिप बसवताना कधी कधी अलीकडच्या धमनीला तात्पुरती क्लिप लावतात. तेवढा वेळ मेंदूच्या त्या भागाचं रक्त तोडलेलं, म्हणून भूलतज्ज्ञ बाई मोठ्यानं सांगत राहतात, "दोन मिनिटं झाली सर... तीन झाली..." चौथं ऐकायच्या आत सर मोकळे! आणि हेच सर एका स्वल्पविरामापायी अख्खा चातुर्मास घालवतात. तिथे मिनिटं मोजायला बाई नाहीत ना.

चित्रांचं तर विचारूच नका. मेंदूच्या बुडाशी धमन्यांचं कडं असतं, 'सर्कल ऑफ विलिस'. विलिसचा ग्रंथ १६६४ सालचा. त्यासाठी चित्रं काढणारा ख्रिस्तोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी झाला. सरांच्या वाट्याला आला लग्नपत्रिकावाला. त्यानं कडं झकास काढलं, दोन्ही बाजू सारख्या. सर उखडले. "इतकं नीटस कडं निम्म्या माणसांतसुद्धा सापडत नाही! कुणाची एखादी फांदी बारीक, कुणाची गायबच." त्यानं निमूट एक फांदी बारीक केली. तर सर म्हणाले, "पोरांना वाटेल, हाच नियम." आता तो दोन्ही कडी पिशवीत घालून येतो आणि वर यायच्या आधी खाली वॉचमनला सरांचा मूड विचारतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघालेलं सुमारे १५ टक्के रक्त एकटा ओढतो, हे सर जेवताना रोज सांगतात. "आणि तुमच्या ग्रंथानं घरातली कपाटं किती टक्के ओढली, तेही घाला त्यात," वहिनी भात वाढता वाढता म्हणतात.

प्रकाशकाचा फोन आला की सरांचं ठरलेलं उत्तर, "झालंच हो! ऋणनिर्देशावर एक हात फिरवतोय." ते मात्र खरं आहे. त्यातले पहिले रेसिडेंट आता ठिकठिकाणी प्रोफेसर झालेत, आणि त्यांचे नवे हुद्दे शोधून घालायच्या कामावर सध्याच्या रेसिडेंटला बसवलंय.