मरीन ड्राइव्हहून निघालेली होडी

रायपूरला समुद्र नाही, पण मरीन ड्राइव्ह आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाने फिरायला रस्ता झाला, दिवे लागले, 82 मीटर उंच ध्वजस्तंभ उभा राहिला आणि लोकांनी कुणालाही न विचारता नाव ठेवून टाकलं. खरा समुद्र बघायचा तर विशाखापट्टणम गाठावं लागतं, पाचशे किलोमीटरच्या वर. त्यापेक्षा नाव ठेवणं स्वस्त पडतं.

आम्हा रायपूरकर मराठी मंडळींचं यात छान भागतं. पंचाईत होते ती देवगडचा पाहुणा आला की. हिचे मामा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि समुद्राकडे पाठ करून ते आयुष्यात कधी जेवले नसतील. ‘मरीन ड्राइव्हवर होडीतून फिरू, मग संग्रहालयात जाऊ,’ असा बेत मी फोनवर सांगितला होता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

तलाव बघून मामा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “जावईबापू, ह्या पाण्यात आमचो खेकडो पण रवाचो नाय.” तरी होडीत पाय ठेवण्याआधी त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार केला. होडी बदकाच्या तोंडाची होती. नमस्कार बदकाला पोचला.

“वल्हां खंय?”

“मामा, पायडल मारायचं.”

“म्हणजे सायकल.” एवढं बोलून त्यांनी हाताची घडी घातली आणि उरलेली जलयात्रा माझ्या एकट्याच्या पोटऱ्यांवर पार पडली.

तिथून सिव्हिल लाइन्समधलं महंत घासीदास संग्रहालय. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी ते 1875 मध्ये स्थापन केलं. सध्याच्या इमारतीचं उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. मी हे पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. मामांनी पंखा कुठे आहे ते विचारलं.

सिरपूरच्या धातुमूर्तींपुढे मात्र ते थबकले. महानदीच्या काठचं सिरपूर, म्हणजे आमच्या परीने किनाराच. तिथल्या ओतीव मूर्ती इतक्या नाजूक आहेत की ओतणाऱ्याला घाई कशी ती ठाऊकच नसावी. तिथलीच एक तारादेवी आता लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे, असं मी सांगितलं. मामांना पटलं. “शाणी ती. समुद्राकडे गेली.”

खरी गंमत झाली ती किरारीच्या खांबापाशी. लाकडी खांब, त्यावर ब्राह्मी लेख, सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा. 1921 मध्ये बिलासपूरकडच्या किरारी गावातला हिराबांध तलाव आटला, तेव्हा तो गाळात सापडला. शेतकऱ्यांनी तो बाहेर काढला, ऊन लागलं, लाकूड सुकलं आणि अक्षरांचे पापुद्रे गळून पडायला लागले. उपाध्याय नावाच्या एका पंडितांनी वेळीच अक्षरं उतरवून घेतली म्हणून आज मजकूर तरी हाती आहे. हे मी सांगत होतो, आणि मामांचा चेहरा घशात मासळीचा काटा अडकल्यासारखा झाला.

“उन्हात टाकल्यानी? लाकूड पाण्यात आसा तवसर बरा. येकदम उन्हात काढलास की फुटला. आमच्याकडे होडी वर ओढली तर आधी झावळ्यांनी झाकतत.”

झालं. गाळात हवा पोचत नाही म्हणून लाकूड टिकतं, एकदम सुकलं की आकसून तडकतं, हे सगळं मामा देवगडच्या अनुभवावरून शेजारच्या शाळकरी मुलांना समजावून सांगू लागले, मालवणीत. मुलं छत्तीसगढी. एकानेही हसून दाखवलं नाही, इतकी ती रंगून गेली होती. पहारेकरी म्हणाला, “बने देख लेव बबा.” मामांनी त्यालाही होडी कशी झाकायची ते सांगितलं.

लेखात पदांची यादी आहे: नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, हत्तीवाले, घोडेवाले, मुदपाकखान्याचा अधिकारी. राजधानीच्या गावात हा लेख यावा हे न्याय्यच. पत्रं पोचवणारा लेखहारकही त्यात आहे, हे कळताच टपाल खात्याची मान ताठ झाली. मग बोट फिरवून चौकशी: “होडीवालो खंय?” वाचता आलेल्या मजकुरात तो काही नाही. लेखनिकाची चूक, असा निकाल मामांनी तिथल्या तिथे दिला.

मग मी राखून ठेवलेला पत्ता टाकला. छत्तीसगढच्या कलचुरी राजांचे शिलालेख वाचून ज्यांनी 1955 मध्ये जाडजूड ग्रंथ काढला, ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपुरात संस्कृत शिकवायचे, पण मूळचे कुवळ्याचे.

“खंयचे?”

“कुवळ्याचे. तुमच्या सिंधुदुर्गातले.”

“मगे आधी सांगूचा नाय?”

त्यानंतर संग्रहालय मामांचं झालं. शिलालेखाला टेकलेल्या एका गृहस्थांना त्यांनी उठवलं. एका मूर्तीवरची धूळ मला दाखवून, जणू मीच झाडूवाला, माझ्याकडे रोखून बघितलं. आवारातल्या गढकलेवा उपाहारगृहात चीला आणि फरा खाताना बांगडा मागितला नाही, ही त्यातल्या त्यात मोठी सवलत. हात धुतले आणि तिथूनच गावी फोन लावला.

“अरे, रायपुराक येवा. संग्रहालय आपलाच आसा. समुद्र तेवढो येताना घेऊन येवा.”