दुसऱ्याच्या गुडघ्याची वाट कशी पाहावी

आवडता खेळाडू जखमी झाला की घरी बसून त्याची वाट पाहायची, त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. त्यामुळेच कच्चे चाहते निपजतात. दोन महिने हळहळतात आणि तिसऱ्या महिन्यात दुसरा खेळाडू धरतात. हैदराबादेत असले चालत नाही. इथे गेली तीस वर्षे हे काम पद्धतशीर होते. त्याचे मुख्य कार्यालय बरकतपुऱ्यात, आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत आहे. त्या खुर्चीत आमचे मामा असतात. मामा बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. रॅकेट त्यांनी आयुष्यात एकच हाताळली, डास मारायची. तरी गुडघा, घोटा आणि मनगट या तीन विषयांत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. पुढील मार्गदर्शन त्यांच्या कार्यपद्धतीवरून तयार केले आहे. त्यांना अजून दाखवलेले नाही.

आधी थोडा इतिहास, कारण रोग कुठून जडला ते कळल्याशिवाय पथ्य समजत नाही.

१९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होत्या. तिथे बॅडमिंटनच्या दुहेरीचा सामना खेळताना पुल्लेला गोपीचंद आपल्याच जोडीदारावर आदळला आणि त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. मामांच्या मते यात पुण्याचा दोष आहे. मामी पुण्याच्या, त्यामुळे हा मुद्दा जेवताना काढायचा नाही. शस्त्रक्रिया झाल्या, लोकांनी हात झटकले, आणि हा मुलगा १९९६ पासून सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेता झाला. मग ११ मार्च २००१ उजाडला. बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात त्याने चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असे हरवले. त्याच दिवशी कोलकात्याच्या क्रिकेट कसोटीत हरभजनने हॅट्ट्रिक घेतली होती, म्हणून देशाचे डोळे तिकडे होते. आमच्या घराचे नव्हते. तीन दिवसांनी त्याच कसोटीत आमचाच लक्ष्मण दुखरी पाठ घेऊन दिवसभर खेळला आणि पुढे २८१ वर थांबला. एका आठवड्यात शहरातल्या दोन पोरांनी मोडक्या शरीरांनी जग जिंकले म्हटल्यावर मामांनी जो निष्कर्ष काढला तो आजतागायत बदललेला नाही: कुठलाही सांधा परत येतो, फक्त खाली बसून कोणीतरी नेटाने वाट पाहिली पाहिजे. ती जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली.

आता नियम.

पहिला. दुखापतीचे नाव नीट घ्यावे. ‘पायाला काहीतरी झालंय म्हणे’ असे म्हणणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळत नाही. मामांची शिकवण्याची रीत अशी: चौकातल्या इराण्याकडून आणलेली दोन उस्मानिया बिस्किटे उभी, एकावर एक धरायची. वरचे मांडीचे हाड, खालचे नडगीचे. नोटांच्या गड्ड्यांना लावायचे रबर मामांकडे अजून डबाभर आहेत. त्यातला एक दोन बिस्किटांना तिरका अडकवायचा. हे एसीएल नावाचे लिगामेंट. नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला नको तितके वळू देत नाही. खेळाडू उडी मारून एका पायावर उतरतो, त्याच क्षणी अंग वळवतो, आणि... इथे मामा रबर ताणून सोडतात. तो मामींच्या पोळीच्या परातीत पडतो. तोवर खालच्या बिस्किटाचा तुकडा पडलेला असतो. ‘हे स्ट्रेस फ्रॅक्चर,’ मामा न डगमगता म्हणतात, ‘सिंधूचा घोटा, २०२२. एका फटक्यात मोडत नाही. रोज थोडं थोडं दमतं.’ आणि तुकडा चहात बुडवतात. बॅडमिंटनवाल्या सिंधूने त्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला त्याच घोट्यावर राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतरची जागतिक स्पर्धा तिला सोडावी लागली, हे बिस्कीट संपेपर्यंत सांगून होते.

दुसरा. मनगट हा स्वतंत्र पेपर आहे. टेनिसवाल्या सानियाचे उजवे मनगट, शस्त्रक्रिया २००८, आणि २००९ च्या फेब्रुवारीत मेलबर्नला भूपतीबरोबर मिश्र दुहेरीचे विजेतेपद. ती जन्मली मुंबईत हे कोणी सांगितले तर ‘हौ, जन्मली असेल’ एवढेच म्हणावे.

तिसरा. महिने मोजावेत, पण मनात. डॉक्टर नऊ महिने म्हणाला तर चाहत्याने सहा धरू नयेत. हा नियम मामा स्वतः पाळत नाहीत, म्हणून मी जरा जोर देऊन लिहितो. नवे लिगामेंट बहुधा त्याच माणसाच्या मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधातून काढून बसवतात. बसवले की ते लगेच घट्ट होत नाही, उलट आधी कमजोर होते. शरीर त्याला आपलेसे करायला वेळ घेते. गंमत अशी की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज उतरलेली असते, चाल सुधारलेली असते, माणूस खुशीत असतो, आणि आतला दोर नेमका तेव्हाच कच्चा असतो. म्हणून शहाणे लोक तारीख बघत नाहीत. एका पायावर लंगडी उडी किती लांब जाते, दुसऱ्या पायाच्या तुलनेत मांडीत किती जोर आहे, ते मोजतात. चाहते मात्र तारीखच बघतात, कारण कॅलेंडर भिंतीवर आहे आणि खेळाडूची मांडी गच्चीबावलीच्या अकादमीत.

चौथा. सरावाचा व्हिडिओ बघून ‘पाय ओढतेय’ असे म्हणू नये. भिंतीवरची तसबीर सरळ करताना तुम्हीही पाय ओढता.

पाचवा नियम लिहिताना माझा हात अडतो. आपल्या खेळाडूच्या गुडघ्यासाठी नवस बोलताना समोरच्यालाही गुडघे असतात हे लक्षात ठेवावे.

सायना नेहवालचे आमच्या घरात काय स्थान आहे हे सांगायला हवे. वडील तिला स्कूटरवरून लालबहादूर स्टेडियमला सरावाला न्यायचे. ती स्कूटर आपण स्वतः पाहिली असे सांगणारी माणसे एकत्र केली तर स्टेडियम भरेल. त्यांत मामा पहिल्या रांगेत. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये तिला कांस्यपदक मिळाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटताना कोणी बोलले नाही की चीनची वांग शिन पहिला गेम २१-१८ जिंकून दुसऱ्यात पुढे होती आणि गुडघा धरून बाहेर गेली होती. २०१९ च्या जानेवारीत जकार्त्याला अंतिम सामन्यात कॅरोलिना मारिन १०-४ ने पुढे होती, पडली, आणि विजेतेपद सायनाला आले. मारिनच्या उजव्या गुडघ्यातले तेच एसीएल. त्या दिवशी मामांनी पेढे आणले नाहीत. जिलेबी आणली, तीही पावशेर.

मारिन परत आली. मग डावा गुडघा गेला, पुन्हा परत आली. २०२४ ला पॅरिसच्या उपांत्य सामन्यात पुन्हा उजवा गेला आणि २१-१४, १०-८ अशी पुढे असताना सामना सोडावा लागला. ती कोर्टवर ओणवी होऊन रडत होती. मामांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ रिमोटच्या मागचे झाकण काढत-लावत बसले. सिंधूला रिओत हरवले म्हणून आठ वर्षे जिच्या नावाने बोटे मोडली, तीच ही पोरगी. नंतर चीनच्या ह बिंगजियाओने पदक घेताना हातात स्पेनचा बिल्ला धरला होता. तो फोटो मामांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. बाहेर गोपीचंद, आत हा.

सहावा. परतीच्या सामन्यात कोणाच्या बाजूने ओरडायचे ते आधी ठरवावे. आमच्याकडे ठरले नव्हते. रिओत २०१६ च्या ऑगस्टमध्ये सायना दुखरा गुडघा घेऊन खेळली आणि गटातच हरली. त्याच महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुढच्या जानेवारीत तिने मलेशिया मास्टर्स जिंकली, ऑगस्टमध्ये ग्लासगोला जागतिक कांस्य घेतले, आणि नोव्हेंबरात नागपूरला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर कोण, तर सिंधू. दोन्ही हैदराबादच्या. मामी सिंधूच्या बाजूच्या, मामा अर्थात गुडघ्याच्या बाजूचे. नागपूरला जाऊन बघायचे जवळजवळ ठरले होते. पण स्टेडियमच्या पायऱ्या चढवणार नाहीत म्हणून मामांनी ऐनवेळी ‘टीव्हीवर जास्त नीट दिसतं’ असे जाहीर केले. पायऱ्यांचा हा उल्लेख वाचकाने लक्षात ठेवावा. सामना सायनाचा, २१-१७, २७-२५. दुसरा गेम वीसच्या पुढे गेला तेव्हा मामा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अर्धे उठले होते आणि तसेच राहिले. मला वाटले सामन्याच्या भरात राहिलेत. सामना संपल्यावर कळले, त्यांना खाली बसता येत नव्हते.

सातवा नियम, परत न येणाऱ्यांविषयी. हा मला नीट जमलेला नाही. ऑस्ट्रेलियात फुटबॉल म्हणून जो हाताने-पायाने मिळून खेळतात, त्यात सिडनीचा अ‍ॅलेक्स जॉन्सन नावाचा खेळाडू होता. २०१२ ला विजेत्या संघात. मग एकाच गुडघ्यात पाच वेळा लिगामेंट बसवून घेऊन २१३६ दिवसांनी, २०१८ ला, पुन्हा मैदानात उतरला. दुसऱ्याच सामन्यात दुसरा गुडघा गेला. हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, ‘पहिला सामना जिंकले का?’ जिंकले होते. ‘मग झालं तर,’ म्हणाले.

झालं तर काय? सायनाने २०२४ मध्ये सांगितले की गुडघ्यात संधिवात आहे, कूर्चा खराब झाली आहे, आठ-नऊ तास सराव करणे आता कठीण. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही. हे मामांनीच मला बिस्किटावर शिकवले होते. तरी त्यानंतर वर्षभर ‘आणखी एक स्पर्धा खेळेल बघ’ चालू होते. तिचा शेवटचा सामना २०२३ चा. खरे सांगायचे तर मला या वाट पाहण्याचा कधी कधी राग येतो. ‘कधी खेळणार’ हे सगळ्यांनी विचारले. बाई, सकाळी पलंगावरून उतरताना दुखते का, हे कोणी विचारले? गोपीचंद परत आला म्हणून या शहरातल्या प्रत्येक गुडघ्यावर परत येण्याचे कर्ज आहे की काय? मामांना हे बोललो. त्यांनी उत्तर दिले नाही, पाय लांब केला. लांब करताना चेहरा कसा झाला ते मी पाहिले, आणि मग ते नागपूरचे आठवले.

तेव्हा आठवा नियम, जो खरे तर पहिला यायला हवा होता: चाहत्याने आपलाही गुडघा तपासून घ्यावा.

या उन्हाळ्यात मामांचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढचे सगळे बिघडले आहे. ज्या माणसाने तीस वर्षे पोरींच्या मांडीचा जोर मोजला, तो स्वतः व्यायाम करायला तयार नाही. फिजिओ मुलगी रोज येते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि म्हणते, मामा, गुडघा खाली दाबा, मांडी आवळा, दहापर्यंत मोजा. आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस ‘पाच, सहा, दहा’ असे मोजतो. अर्ध्या किलोची वाळूची पिशवी पायाला बांधली की ‘नक्को अम्मा’ म्हणून तोंड फिरवतो. जिना उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी, एवढे दोनच नियम. पण ते ऐकताना मामा छताकडे बघतात. मामी पोळ्या लाटता लाटता ओरडतात, ‘गोपीचंद पुण्यात पडला तरी उभा राहिला, तुम्ही बरकतपुऱ्यात पडून राहा!’ पुण्याचा मुद्दा जेवताना निघाला, तो असा.

आता गल्ली वाट पाहते आहे. खालचा इस्त्रीवाला रोज विचारतो, ‘मामा कब उतरते?’ समोरच्या वकिलीणबाईंनी सहा आठवडे धरले होते, ते उलटले. इराण्याच्या गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, कोपऱ्यातले टेबल अजून कोणाला दिले नाही. मामांना हे कळते आणि ते चिडतात. ‘माझ्या गुडघ्याशी लोकांना काय करायचंय रे?’ असे काल विचारले. मी काही बोललो नाही. कपाटाचे दार उघडेच होते.

जिन्याच्या बत्तीस पायऱ्या आहेत. परवापर्यंत मामा कठडा धरून अकरावीपर्यंत गेले आहेत. भेटायला येणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतर, फिजिओ गेल्यावर यावे. ‘कधी उतरणार’ हे विचारू नये. उस्मानिया बिस्किटे आणावीत, शक्यतो न मोडलेली.