होस्टसाहेब, आपला पाहुणचार पावला

प्रति,
श्रीमान होस्टसाहेब,
कॅसिनोतल्या बड्या खेळाडूंचा स्वागत-कक्ष,
लास वेगास, नेवाडा.

विषय : आपल्या औदार्याबद्दल जाहीर आभार आणि एक छोटी सूचना.

महोदय, स. न. वि. वि.

पाहुणा विमानतळावर उतरण्याआधी, किंबहुना आपणच धाडलेल्या खासगी विमानात चढण्याआधी, त्याला कोणती दारू लागते, उशी किती मऊ लागते, बायकोचा वाढदिवस कधी असतो, हे सारे ज्यांना ठाऊक असते असे यजमान आता राहिले कुठे? सुइटचे भाडे शून्य. जेवणाचे बिल शून्य. मुष्टियुद्धाच्या लढतीला पहिल्या रांगेतली खुर्ची. अधिक महिन्यातल्या जावयाचेही एवढे लाड कुणी पुरवत नाही. प्रस्तुत पत्रलेखकाची ऐपत पणजीला मांडवीत नांगरलेल्या बोटीवरच्या पॅकेजापलीकडची नाही. त्यामुळे या पत्रात असूया डोकावली तर ती पोटात घालावी.

आपल्या धंद्यात या लाडांना ‘कॉम्प’ म्हणतात. कुणाला किती कॉम्प द्यायचा, हे मायेपोटी ठरत नाही. त्यासाठी एक गुणाकार करतात. डावाला सरासरी किती लावतो, तासाला किती डाव होतात, किती तास बसतो आणि त्या खेळात कॅसिनोचा हिस्सा किती. बड्या खेळाडूंचा आवडता खेळ म्हणजे बाकारा. त्यात बँकरवर लावले तर कॅसिनोचा हिस्सा 1.06 टक्के, प्लेअरवर 1.24 टक्के आणि ‘टाय’च्या मोहात पडले तर 14 टक्क्यांच्या वर. समजा एक गृहस्थ डावाला 10,000 डॉलर लावतात, तासाला 70 डाव होतात आणि रोज चार तास बैठक असते. हिस्सा 1.2 टक्के धरला, तर दिवसाचा अंदाजित तोटा 33,600 डॉलर. तीन दिवसांत लाखावर. त्यातले तीस-चाळीस टक्के आपण सुइट, विमान आणि शॅम्पेनच्या रूपाने परत करता. गृहस्थ मित्रांना सांगतात की सगळे फुकट होते. शिवाय सुइट त्यांच्या खात्यावर छापील दराने लिहिला जातो. रिकाम्या पडलेल्या खोलीत पाहुणा झोपवायला आपल्याला खरे किती लागते, ते आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

अंदाजित तोट्याचा हा आकडा आपल्या पडद्यावर असतो. पाहुण्याला मात्र त्यातले फक्त शॅम्पेन दिसते.

आपल्या पाहुणचाराची कमाल पाहायची तर टेरन्स वातानाबे यांचे उदाहरण घ्यावे. ओमाहा शहरात त्यांच्या वडिलांनी ओरिएंटल ट्रेडिंग ही कंपनी उभी केली. प्लास्टिकची खेळणी, वाढदिवसाच्या सजावटीचे सामान असला स्वस्तातला माल विकून ती मोठी झाली. 2000 मध्ये वातानाबेंनी ती विकून टाकली आणि हाती पैसा नि रिकामा वेळ दोन्ही एकदम आले. 2007 या एका वर्षात त्यांनी सीझर्स पॅलेस आणि रिओ या दोन कॅसिनोंत मिळून सुमारे 12 कोटी 70 लाख डॉलर घालवले. दोन्ही कॅसिनो तेव्हा हॅराज कंपनीचे होते. कंपनीला लास वेगासमध्ये त्या वर्षी जुगारातून जे उत्पन्न झाले, त्यातला 5.6 टक्के वाटा या एका माणसाचा होता.

असा पाहुणा आला की नेहमीच्या पायऱ्या अपुऱ्या पडतात. कंपनीची सर्वांत वरची श्रेणी ‘सेव्हन स्टार्स’. वातानाबेंसाठी तिच्याही वर ‘चेअरमन’ अशी नवी श्रेणी काढली गेली. विमानप्रवासाला महिन्याला 12,500 डॉलर, कॅसिनोतल्या दुकानांत खर्चायला पाच लाख डॉलर, रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाची तिकिटे, शिवाय हरलेल्या रकमेवर सूट. विन या शेजारच्या कॅसिनोने या गृहस्थांना खेळाचे आणि दारूचे व्यसन आहे असे ठरवून आधीच दार बंद केले होते. शेजाऱ्याने दार लावून घेतले म्हणून आपल्या बंधूंनी आपले उघडे ठेवले. अतिथीला उपाशी कसे पाठवायचे!

पुढे 1 कोटी 47 लाख डॉलरची उधारी थकली. आपल्याकडे उधारीच्या चिठ्ठीला ‘मार्कर’ म्हणतात आणि नेवाडाच्या कायद्यात न वटलेला मार्कर हा न वटलेल्या धनादेशासारखाच गुन्हा ठरतो. म्हणजे 11 कोटींच्या वर भरून चुकलेल्या माणसावर 2009 मध्ये फौजदारी खटला उभा राहिला. कंपनीने दारू आणि वेदनाशामक गोळ्या पुरवून खेळत ठेवले, असा वातानाबेंचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. 2010 मध्ये तडजोड होऊन खटला मिटला. नशेतल्या माणसाला खेळू दिल्याबद्दल 2013 मध्ये न्यू जर्सीच्या नियंत्रकांनी कंपनीकडून दंड घेतला 2,25,000 डॉलर. भागाकार करून पाहावा : घालवलेल्या रकमेच्या 0.2 टक्केसुद्धा नाही. बाकाराच्या टेबलावर बँकरवर लावणाराही आपल्याला याहून जास्त देतो.

आता एक दुसरा पाहुणा. डॉन जॉन्सन या अमेरिकन गृहस्थांचा धंदाच घोड्यांच्या शर्यतींवर गणिताने पैजा लावण्याचा. 2010 च्या अखेरीस मंदीने गांजलेल्या अटलांटिक सिटीतले कॅसिनो बडे खेळाडू शोधत वणवण करत होते. जॉन्सनने सुइट मागितला नाही, अटी मागितल्या. ब्लॅकजॅकचे सहा जोड हाताने पिसायचे, डीलरने ‘सॉफ्ट 17’ वर (एक्का अकरा धरून सतरा झाले की) थांबायचे, डाव लाखापर्यंत लावू द्यायचा, आणि पाच लाख डॉलर हरलो तर वीस टक्के सूट द्यायची. त्या नियमांनी कॅसिनोचा हिस्सा पाव टक्क्यावर आला. सूट धरली की पारडे त्याच्या बाजूला कलले : पाच लाख हरला तर खिशातून चारच जाणार, जिंकला तर पूर्ण पाच येणार. ट्रॉपिकाना, बोर्गाटा आणि सीझर्स या तिघांकडून मिळून त्याने काही महिन्यांत सुमारे दीड कोटी डॉलर नेले. त्यातले 58 लाख ट्रॉपिकानातल्या एका रात्रीतले. त्याने पत्ते मोजले नाहीत की कुणाला फसवले नाही. आपण ज्या गुणाकारावर लाड करता तोच त्याने घरी बसून केला. मग मात्र त्या अटींवर त्याला खेळू देणे बंद झाले.

फिल आयव्ही या पोकरपटूने तर आपल्या अगत्याचाच फास केला. 2012 मध्ये बोर्गाटात खेळायला येण्याआधी त्याने मागणी कळवली : स्वतंत्र दालन, मँडरिन बोलणारी डीलर, ठरावीक कंपनीचे जांभळ्या पाठीचे पत्ते, पिसायला यंत्र. बड्या पाहुण्याचे चोचले म्हणून सारे मंजूर झाले. त्या पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना तंतोतंत सारखी नव्हती. आयव्हीची जोडीदारीण डीलरला मँडरिनमध्ये सांगायची की हा पत्ता शुभ आहे, तो उलटा फिरवून ठेव. पाहुण्याची अंधश्रद्धा म्हणजे आपले उत्पन्न; डीलरने आनंदाने पत्ते फिरवले. बोर्गाटातून 96 लाख डॉलर, आणि लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये त्याच युक्तीने 77 लाख पौंड. क्रॉकफर्ड्सने ते दिलेच नाहीत. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच आहे असा निकाल दिला, आणि तो पटण्याजोगा आहे. मात्र पाहुण्याच्या खुळ्या समजुतीचा फायदा घेणे हा गुन्हा आहे, असे त्या दिवशी कुणी म्हटले नाही.

होस्टसाहेब, आपल्या हुद्द्याचा पहिला मानकरी आमच्या महाभारतात आहे. धृतराष्ट्राने द्यूतासाठी हजार खांबांची सभा बांधवली आणि पांडवांना आणायला विदुराला पाठवले. युधिष्ठिर सर्वस्व हरल्यावर अपशकुनांनी भांबावलेल्या म्हाताऱ्याने सगळे परतही केले. शंभर टक्के सूट! पांडव वाटेत आहेत तोच पुन्हा बोलावणे गेले आणि दुसऱ्या डावात तेरा वर्षे गेली. मात्र विदुराने निमंत्रण पोचवतानाच सांगितले होते की हे द्यूत अनर्थाचे मूळ आहे. आपल्या निमंत्रणात ती ओळ दिसत नाही.

आम्ही मराठी माणसे या बाबतीत फार शहाणी आहोत असे नाही. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. म्हणून इथला हौशी माणूस पणजीला जातो. तिथे 2020 पासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत जायला आदेशाने बंदी आहे. मोनॅकोतही स्थानिक नागरिकाला माँटे कार्लोच्या कॅसिनोत खेळता येत नाही. आपल्या माणसांना दूर ठेवून पाहुण्यांचे स्वागत करायचे, ही रीत दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच.

तेव्हा सूचना एवढीच. पुढच्या निमंत्रणपत्रिकेवर विमान, सुइट आणि शॅम्पेन यांच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणखी एक ओळ छापावी : ‘आपला अंदाजित तोटा, डॉलर अमुक.’ आकडा आपल्या संगणकात तयारच असतो, छपाईचा खर्चही फार नाही. तो वाचूनही ज्याने विमानात पाय ठेवला, त्याला आमच्यातर्फे एक बाटली जास्त द्यावी.

कळावे.

आपला,
अंदाजित तोटा शून्य असलेला एक वाचक