तलाठ्याची चिकाटी अठरा

काही माणसं कादंबरी वाचून कपाटात ठेवतात. हा गडी तिथे बिऱ्हाड करायला जागा आहे का ते बघतो. वय चाळिशीकडे, दिवसा कुठलीशी नोकरी. शनिवारी रात्री यवतमाळच्या दत्त चौकामागच्या एका गच्चीवर तो चार मित्रांना जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये उतरवतो.

खेळ कागद-पेन्सिलीचा. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात पात्रं होऊन काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवणार. फासा कुरिअरने यायचा होता तोवर चहाच्या कपात एक ते वीसच्या चिठ्ठ्या होत्या. या प्रकारातला पहिला खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, अमेरिकेत १९७४ साली विक्रीला आला. त्याच साली नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने (आद्याक्षरं उलटी वाचा) मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली. हा योगायोग नाही, असं तो दर शनिवारी सांगतो. मित्र दर शनिवारी भजी खातात.

कादंबरीत कर्नाटकात खोल खोदताना एक पेटी सापडते. तिच्यात लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान, त्यावरून बनतो वामन नावाचा यंत्रमानव, आणि पुढे धोका. याने पेटी वणीकडच्या शेतात, कोळशासाठी बोअर मारताना काढली. इथवर त्याची अक्कल मानलीच पाहिजे: कथानक त्याने फेकून दिलं, जग तेवढं ठेवलं. यंत्र स्वतःसारखी यंत्रं बनवू लागलं तर काय, एवढा एकच नियम वहीच्या पहिल्या पानावर. वामन हे नावही लपवलं. शेवट कळला तर पेटी कोण उघडेल? सुदैवाने मित्रांपैकी कोणी कादंबरी वाचलेली नाही.

वहीत दोनशे पानं आहेत. लुप्त संस्कृतीची लिपी आहे, वामनाच्या बुद्धीचे तक्ते आहेत. मित्रांचा पहिला प्रश्न आला, “वावर कोनाचं हाय?”

“म्हंजे?”

“अबे, सात-बारा कोनाच्या नावावर हाय?”

दोनशे पानांत सात-बारा नव्हता. तिथल्या तिथे एक तलाठी जन्माला घालावा लागला. तो टेबलावर सापडेना. चार फासे पडले, चारही वेळा साहेब मीटिंगला. मग वकिली करणारा मित्र म्हणाला, राजेहो, १८७८ चा निखात निधी कायदा हाय, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरले नोटीस द्या लागते. चौथ्याने पेटी भंगारात किलोने किती जाईल ते विचारलं.

“अरे, मानवजातीचं भवितव्य हाय त्या पेटीत!” खेळमास्तर कळवळला.

“मंग पंचनामा नाई का करा लागत?”

दुसरा कोणी असता तर वही मिटली असती. याने रात्री जागून नवी पानं जोडली. वामनाची बुद्धी वीस ठेवली होती, तलाठ्याची चिकाटी अठरा झाली. लुप्त संस्कृतीच्या लिपीत फेरफार उताराही आला. मित्र आता एकही शनिवार चुकवत नाहीत.

पुढच्या खेपेला मंडळ अधिकारी आहेत. पेटी पंचांसमक्ष सीलबंद आहे.