स्लॅबभीरूंचा विजय असो

पापभीरू माणसं कमी झाली म्हणून हळहळणाऱ्यांनी जानेवारीत नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकवावं. ती जागा स्लॅबभीरूंनी केव्हाच भरून काढली आहे. "पेपर तपासणी नको रे बाबा, 16 लाखांच्या वर गेलो की 20 टक्क्यांत जातो," असं बशीत चहा ओतता ओतता कुणीतरी म्हणतंच. 20 टक्के फक्त 16 लाखांवरच्या रकमेला लागतात, म्हणजे 10,000 जास्त आले तर 2,000 कर, असली क्षुद्र माहिती त्यांच्या कानावर घालू नये. 2,000 वाचवण्यासाठी 8,000 वर पाणी सोडणं याला वैराग्य लागतं. (सर अर्थशास्त्राचे असले, तर जास्तच.)

त्याहून थोर म्हणजे नवी करप्रणाली स्वीकारून मार्चअखेर कर वाचवायला विमा काढणारे. नव्या प्रणालीत 80सीची वजावट मुळी नाहीच. पण साडू एजंट असल्यावर कायद्याचं काय घेऊन बसलात?

अशा भोळ्या जिवांसाठी राज्य सरकारने मात्र सोय केली आहे: व्यवसाय कर. 1975 चा कायदा, रोजगार हमीला पैसा हवा म्हणून आणलेला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या या जिल्ह्याला तो परका वाटू नये. पुरुषाचा पगार महिना 10,000 च्या वर गेला की वर्षाला 2,500, आणि तिथे स्लॅब संपला. पुढे चढायला पायरीच नाही, तर घाबरायचं कशाला? सुप्याच्या एमआयडीसीतला कंत्राटी कामगार 2,500 भरतो, सावेडीतला सर्जनही 2,500 च भरतो. समता याहून वेगळी काय असते? घटनेच्या कलम 276 मधली ही कमाल मर्यादा 1988 पासून जागची हललेली नाही. पगारदार बायकांना मात्र 2023 च्या एप्रिलपासून 25,000 पर्यंत माफी आहे. सरकारकडून एवढा शहाणपणा अनवधानाने झाला असावा.

कपात दरमहा 200. फक्त फेब्रुवारीत 300. वर्षातल्या सगळ्यात तोकड्या महिन्याला सगळ्यात मोठा हप्ता! 2,500 ला 12 ने नीट भाग जात नाही, त्यावर काढलेला हा तोडगा.

तेव्हा फेब्रुवारीची पगारस्लिप हातात आली की तक्रार करू नका. आणि साडू फॉर्म घेऊन आलाच, तर त्याला आधी पेन द्या, मग चहा.