तोंडावरचा स्वयंपाक

जामखेडमध्ये 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुपोषण सांभाळायला शिकवलं. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरच्या घरी किती बरं करता येतं, हे या गावाने जगाला दाखवलं.

तोंडावरच्या मुरुमांवरच्या घरगुती उपायांनी मात्र तेवढी शिस्त मानलेली नाही.

घरात लग्न आठ दिवसांवर आलं की अख्खं स्वयंपाकघर नवरीच्या गालावर चढतं. सकाळी लिंबू, दुपारी हळद-बेसन, रात्री टूथपेस्ट. लिंबाच्या रसाचा सामू 2च्या आसपास, निरोगी त्वचेचा साधारण 5. मुरूम वाळो न वाळो, कातडी हमखास सोलवटते, आणि मग उन्हात काळे डाग.

एवढ्यात मावशी पर्समधून ‘गोरं करणारी’ ट्यूब काढते. चार दिवसांत चेहरा उजळतो, कारण आत स्टेरॉइड असतं. बंद केलं की लाली, पातळ झालेली त्वचा आणि पहिल्यापेक्षा जास्त मुरुमं. 2018 मध्ये सरकारने अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. मावशीच्या पर्सला ती सक्ती लागू नाही.

औषधाच्या दुकानात अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड मिळतं. त्यासोबत सौम्य साबण वापरला आणि नखं चेहऱ्यापासून दूर ठेवली की पुष्कळ. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, एवढं ऐकताच मंडळी पुन्हा लिंबू चिरायला बसतात.