मुळशीमार्गी सायकलस्वार : काही लक्षणे

सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकल हे कारकून, विद्यार्थी आणि दूधवाले यांचे वाहन होते व ते त्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत असे. पुढे स्कूटरने तिला जिन्याखाली ढकलले आणि अलीकडे ती परतली ती मात्र अशा गृहस्थाच्या हाताशी, ज्याला तिच्यावरून कोठेही जायचे नसते. तो कोथरूडच्या घरून निघतो, मुळशी तालुका ओलांडून ताम्हिणीपर्यंत जातो आणि घरीच परततो. या मनुष्यविशेषास येथे ‘मुळशीमार्गी’ म्हटले आहे.

मुळशीमार्गी साधारणतः चाळिशी ओलांडलेला, संगणकाच्या नोकरीत स्थिरावलेला आणि रक्तातील साखरेच्या पहिल्या अहवालाने हादरलेला असतो. रविवारी पहाटे चांदणी चौकात तो समानधर्म्यांना भेटतो तेव्हा त्याच्या अंगात घट्ट जर्सी, बुडाशी गादी शिवलेली तोकडी विजार आणि पायांत ‘क्लीट’चे बूट असतात. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला असा तुकडा, जो पेडलमध्ये अडकून स्वार व सायकल यांचे अद्वैत साधतो. हे अद्वैत मोडण्यासाठी टाच बाहेर वळवावी लागते आणि या विधीचे विस्मरण नेहमी सायकल पूर्ण थांबल्यावर, बहुधा पौडला एसटीची वाट पाहणारे भरपूर प्रेक्षक हजर असतानाच होते.

पिरंगुटच्या चढावर त्याला एक कामगार मागे टाकतो. गुरुवारची सुटी असलेल्या कारखान्यात रविवारच्या पाळीला निघालेला हा माणूस पायांत चपला, कॅरियरला डबा आणि खाली काळी साधी सायकल एवढ्या सामग्रीनिशी घंटी वाजवत पुढे निघून जातो. अशा वेळी मुळशीमार्गी आज आपण ‘झोन दोन’मध्ये असल्याचे सोबत्यांना सांगतो. झोन दोन म्हणजे हृदयाचे ठोके मुद्दाम मर्यादेत राखून करायचा सराव. चढावर मर्यादा आपोआप येते, ही गोष्ट वेगळी. वाऱ्याबाबतही त्याची भूमिका अशीच सुसंगत असते. पावसाळ्यात मुळशीकडे जाताना पश्चिमेचा वारा छातीवर येतो हे खरेच; परंतु परतताना पाठीशी लागलेला तोच वारा त्याला जाणवत नाही, कारण तेव्हाचा वेग त्याच्या लेखी तीन महिन्यांच्या मेहनतीचे फळ असतो.

सायकलीची किंमत हा स्वतंत्र संशोधनाचा विषय असून तिचे तीन पाठभेद उपलब्ध आहेत. घरी प्रचलित असलेला पाठ सर्वांत संक्षिप्त, मित्रमंडळातील पाठात कार्बनची चौकट आणि परदेशी चाके यांची भर पडलेली, आणि तिसरा मुळशी धरणाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर, “साहेब, केवढ्याला पडली?” या प्रश्नातून जन्मणारा. खऱ्या आकड्यात चांगली मोटारसायकल येते हे दोन्ही पक्षांना ठाऊक असल्याने तो “मित्राची आहे, काका” असे उत्तर देतो, त्यावर काका कळवळून “मग तुमची गाडी कुठं बंद पडली?” असे विचारतात आणि पिरंगुटला निघालेल्या रिकाम्या टेम्पोकडे बोट दाखवतात. नकार देताना मुळशीमार्गीचा आवाज किंचित कापतो.

चहाबरोबर तो ‘ब्रेव्हे’ समजावून सांगतो. फ्रान्समधून आलेल्या या प्रथेत ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत, उदाहरणार्थ २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत, पुरे करायचे असते. ही शर्यत नव्हे आणि पहिल्या येणाऱ्यास काहीही मिळत नाही, हे तो तीनदा बजावतो व मग आपण कितवे आलो ते सांगतो.

धरणापाशी तो थांबतो तो छायाचित्रासाठी; सायकल कठड्याला टेकवून साखळीची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवावी, असा संप्रदाय आहे. मुळा नदीवर टाटांनी उभारलेल्या याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला, पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले, तरीही भातशेती आणि गावे पाण्याखाली गेली आणि ते पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला उतरून वीज निर्माण करू लागले. मुळशीमार्गीच्या नोंदीत या स्थळाचा उल्लेख ‘३८ किलोमीटर : एक केळे’ असा येतो.

दुपारी तो सोसायटीच्या फाटकाशी पोहोचतो तेव्हा सायकलच्या हँडलवरील यंत्र ९७.४ हा आकडा दाखवत असते. शंभराला उणे असलेली सहल मंडळात सांगता येत नाही. सबब तो उतरत नाही आणि वाहनतळाला प्रदक्षिणा घालू लागतो. वरच्या गॅलरीतून पोहे गार झाल्याची सूचना येते. सातव्या फेरीपासून रखवालदार सलाम करणे सोडून देतो.